कोळसा चिमणी

कोळसा चिमणी हे निखाऱ्यावर अन्न भाजण्यासाठी लागणारा लाकडी कोळसा पेटवण्याचे एक उपकरण आहे. दोन्ही टोकांना उघडे असलेले पत्र्याचे नळकांडे, त्याच्या आत तळापासून थोड्या उंचीवर बसवलेली जाळी, जाळीखालच्या भागात पाडलेली भोके आणि बाहेरून जोडलेली उष्णतारोधक मूठ एवढेच त्याचे अवयव असतात. जाळीवर कोळसा भरतात आणि जाळीखाली कागद पेटवतात. साधारणतः पंधरा ते वीस मिनिटांत सर्व कोळशाचा निखारा होतो. यासाठी रॉकेल किंवा अन्य ज्वालाग्राही द्रव ओतावा लागत नाही, वीज लागत नाही आणि पंख्याने वारा घालत बसावे लागत नाही. बार्बेक्यूची प्रथा रुजलेल्या देशांत, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, हे उपकरण घरोघरी आढळते.

मराठीत 'चिमणी' हा शब्द पक्ष्यासाठी, रॉकेलच्या वातीच्या दिव्यासाठी आणि धूर वाहून नेणाऱ्या धुराड्यासाठीही वापरला जातो. येथे तो धुराडे या अर्थाने आहे. मात्र कोळसा चिमणीचे मुख्य काम धूर बाहेर टाकणे हे नसून खालून हवा ओढून घेणे हे आहे.

कोळसा पेटण्यास कठीण का असतो

लाकडाची ढलपी काडीने पेटते, पण कोळशाच्या तुकड्याखाली चार काड्या ओढल्या तरी तो बहुधा काळाच राहतो. दोन्ही एकाच झाडाचे असताना हा फरक पडतो, कारण लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. दिसणारी ज्योत ही प्रामुख्याने त्या वायूंची असते. ज्योत पुढच्या भागाला तापवते, तेथून आणखी वायू निघतात आणि आग आपोआप पसरत जाते. लोणारी कोळसा तयार करताना लाकूड अपुऱ्या हवेत दीर्घकाळ तापवून हे वायू आधीच काढून टाकलेले असतात. मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. तो जळतो तो पृष्ठभागावर, ऑक्सिजन जेथे प्रत्यक्ष स्पर्श करील तेथेच. आग पुढे नेणारी ज्योत नसल्यामुळे एका तुकड्याची आग दुसऱ्याकडे पोहोचते ती उष्णतेच्या प्रारणाने आणि तप्त वायूंच्या प्रवाहाने. हुरडा भाजण्यासाठी आगटीत घातल्या जाणाऱ्या गोवऱ्या सहज पेटतात, कारण त्यांतील वायुरूप होणारी द्रव्ये शाबूत असतात. कोळशाचा तोटा आणि त्याचा गुण एकाच कारणातून येतात. वायू गेलेले असल्याने तो उशिरा पेटतो, आणि त्याच कारणाने पेटल्यावर जवळपास धूर न करता स्थिर आच देतो.

एकटा निखारा ढिगातून बाजूला काढून ठेवला की थोड्याच वेळात काळवंडतो. तप्त वस्तू सर्व दिशांना उष्णता फेकत असते, आणि निरपेक्ष तापमान दुप्पट झाले की हे प्रारण सोळा पट होते. ढिगातील निखाऱ्याला शेजारचे निखारे जवळजवळ तितकीच उष्णता परत देतात, त्यामुळे त्याची झीज भरून निघते. बाजूला काढलेल्याला परतफेड करणारे कोणी नसते. यावरून कोळसा पेटवण्याच्या दोन अटी निघतात: तुकडे एकमेकांना लागून असावेत आणि त्यांच्यामधून हवा खेळावी. या अटी परस्परविरोधी वाटतात, कारण कोळसा जितका दाटून रचावा तितकी हवा अडते. आग पेटवण्याच्या सगळ्या साधनांचे गुणदोष या दोन अटी ते कशा सांभाळतात यावरून तपासता येतात.

हवेचा ओढा

हवा किती लागते याचा अंदाज सहसा फार कमी केला जातो. एक किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळण्यासाठी सुमारे २.७ किलो ऑक्सिजन, म्हणजेच सुमारे ११.५ किलो हवा लागते. सामान्य तापमानाला या हवेचे आकारमान जवळपास १० घनमीटर भरते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीतील हवेचा हा एकतृतीयांशाहून अधिक भाग झाला.

एवढी हवा कोळशापर्यंत नेण्याचे काम चिमणी कोणत्याही हलत्या भागाविना करते. बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस असेल, तर तिची घनता घनमीटरला सुमारे १.१८ किलो असते. तीच हवा ३२७ अंशांपर्यंत तापवली, की निरपेक्ष तापमान ३०० वरून ६०० केल्व्हिन, म्हणजे दुप्पट होते आणि घनता निम्मी, ०.५९ किलो उरते. नळकांड्यातील हलका स्तंभ वर सरकतो व त्याची जागा घेण्यासाठी बाहेरची जड हवा खालच्या भोकांतून आत शिरते. ३० सेंटिमीटर उंचीच्या चिमणीत यामुळे निर्माण होणारा दाबातील फरक सुमारे १.७ पास्कल एवढाच असतो. वातावरणाच्या दाबाचा तो साठ हजारावा भाग आहे. हा फरक क्षुल्लक दिसतो, पण तो अखंड टिकतो. तसेच कोळसा जसजसा तापतो तसतसा ओढा वाढतो, आणि ओढा वाढला की कोळसा आणखी तापतो. आग स्वतःच स्वतःचा पंखा होते.

ओढा उंचीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तेवढाच कोळसा रुंद व बुटक्या डब्यात भरला तर तो तितका चांगला पेटत नाही. नळकांड्याच्या भिंतीचे दुसरेही काम आहे. ती कोळशाला एकत्र धरून ठेवते व आतली उष्णता आत परतवते. तुकडे ओबडधोबड असल्याने त्यांच्यामध्ये फटी राहतात आणि त्यांतून हवा वर जाते. मात्र तळाशी भुगा साठला तर या फटी बुजतात. कोळशाच्या पोत्यातील तळाचा चुरा चिमणीत ओतू नये, असे सांगितले जाते ते यासाठीच.

शेगडी आणि बंब

हेच तत्त्व महाराष्ट्रातील जुन्या घरांत दोन वस्तूंमध्ये नित्य वापरात होते. लोखंडी किंवा मातीने लिंपलेल्या पत्र्याच्या शेगडीत मध्ये जाळी, जाळीवर कोळसा आणि खाली राख पडण्यासाठी व हवा येण्यासाठी दार अशी रचना असते. शेगडी पेटवताना वारा घालतात तो वरून नव्हे, तर या दारासमोर, पुठ्ठ्याने किंवा विणलेल्या पंख्याने. शेगडी बुटकी व तोंडाशी रुंद असल्याने तिचा स्वतःचा ओढा क्षीण असतो, आणि ती उणीव पंखा भरून काढतो. फुंकणीने हवा एका जागी जोरात पोहोचते. ती चुलीला उपयोगी असली, तरी कोळशाची अख्खी शेगडी पेटवण्यास अपुरी पडते.

अंघोळीचे पाणी तापवणारा तांब्याचा बंब कोळसा चिमणीच्या अधिक जवळचा आहे. त्याच्या मधोमध एक उभी नळी असते, नळीच्या तळाशी जाळी असते आणि नळीभोवतीच्या पोकळीत पाणी भरलेले असते. पेटता कागद किंवा चिंधी नळीत सोडून वरून कोळसा वा लाकडाच्या ढलप्या टाकल्या की काही वेळात आग धडाडू लागते. रशियन समोवारमध्येही अशीच मधली नळी असते, आणि आग लवकर धरावी म्हणून तिच्यावर आणखी एक नळकांडे तात्पुरते चढवले जाते. उंची वाढवली की ओढा वाढतो, याचा हा सरळ पुरावा आहे. कोळसा चिमणीला पाण्याची पोकळी काढून टाकलेला बंब म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

रचना आणि वापर

बाजारातील चिमणी साधारणतः ३० सेंटिमीटर उंच आणि १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची असते. आतली जाळी काही बनावटींत सपाट तर काहींत शंकूच्या आकाराची असते. शंकूमुळे जाळीखालच्या ज्वाळा कोळशाच्या मधोमध पोहोचतात. मुठीच्या आणि नळकांड्याच्या मध्ये उष्णता अडवणारा पत्रा असतो. मोठ्या चिमणीला बहुधा दुसरी, तारेची मूठही असते, कारण धगधगते निखारे ओतताना एका हाताने भांड्याचा तोल सांभाळणे अवघड जाते.

वर्तमानपत्राचे एक-दोन ताव सैल चुरगाळून जाळीखाली ठेवतात. बोळा घट्ट केला तर कागद हवेअभावी धुमसतो व ज्योत धरत नाही. कागदाला थोडे खाद्यतेल लावले तर तो वातीप्रमाणे अधिक काळ जळतो. मेणाचा खडा, वाळलेली नारळाची शेंडी किंवा लाकडाचा भुसाही चालतो. गुळगुळीत रंगीत छपाईचा कागद नीट जळत नाही व राख फार करतो. पेटवल्यानंतर पहिली काही मिनिटे पांढरा दाट धूर येतो. या वेळी आग विझली असे समजून हलवाहलव करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा लागतो. नंतर धूर विरळ होतो, भोकांतून लाल प्रकाश दिसतो आणि वरच्या तोंडाशी निळसर ज्योत खेळू लागते. ही ज्योत कार्बन मोनॉक्साइड या वायूची असते. वरच्या थरातील तुकड्यांच्या कडा राखेने पांढुरक्या झाल्या, की कोळसा शेगडीत ओतण्याजोगा झाला असे समजतात. सर्व कोळसा पांढरा होईपर्यंत थांबल्यास तळचा बराचसा जळून गेलेला असतो.

मोकळा लाकडी कोळसा लवकर पेटतो. भुकटी दाबून केलेल्या वड्या म्हणजे ब्रिकेट सावकाश पेटतात, पण अधिक वेळ एकसारखी आच देतात.

चिमणी घरी करणेही अवघड नाही. मोठ्या डब्याची दोन्ही झाकणे कापून, तळाजवळ भोके पाडून व आत जाळी बसवून ती तयार होते. मात्र जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा यासाठी वापरू नये. निखाऱ्याच्या उष्णतेने जस्ताची वाफ होऊन तिचे धुके श्वासात गेल्यास थंडी वाजून ताप येतो. रंग दिलेला डबा असल्यास रंग आधी पूर्णपणे जाळून काढावा लागतो, तोही अन्न जवळ नसताना.

पेटवण्याचे द्रव

अमेरिकेत कोळशाच्या वड्या घरोघरी पोहोचल्या त्या मोटारींच्या कारखान्यामुळे. हेन्री फोर्ड यांच्या मिशिगनमधील गिरण्यांत मोटारींना लागणारे लाकूड कापले जाई. त्यातून उरणाऱ्या लाकडापासून १९२० च्या दशकात कोळशाच्या वड्या पाडण्यास आरंभ झाला आणि फोर्डच्या विक्रेत्यांकडून त्या विकल्या जाऊ लागल्या. १९५१ मध्ये हा व्यवसाय दुसऱ्यांच्या हाती जाऊन त्याला 'किंग्सफर्ड' हे नाव मिळाले. १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन यांनी शिकागोच्या परिसरात झाकणाची गोल शेगडी तयार केली. दाबून केलेली वडी मोकळ्या कोळशापेक्षा पेटण्यास अधिक कठीण असते. ती घाईने पेटवण्याचा मार्ग म्हणून खनिज तेलापासून काढलेले द्रव प्रचलित झाले. रॉकेलचेच ते जवळचे नातेवाईक होत.

द्रव ओतून कोळसा पेटवला की ज्वाळा मोठ्या दिसतात, पण त्या द्रवाच्या असतात. कोळसा केवळ त्यांच्यात तापत असतो. ढीग पसरट राहिला व खालून हवा नसली, तर द्रव संपताच ज्वाळा खाली बसतात आणि आत काळे कोळसे तसेच उरतात. अशा वेळी पुन्हा द्रव ओतण्याची जी चूक होते, ती या पद्धतीतील सर्वांत घातक चूक आहे. अर्धवट तापलेल्या कोळशावर पडलेल्या द्रवाची तत्काळ वाफ होते, ती हवेत मिसळते आणि एखाद्या लपलेल्या ठिणगीने एकदम भडका उडतो. ज्वाळा ओतणाऱ्याच्या हाताकडे व चेहऱ्याकडे झेपावते. चिमणीतील कोळशावरही द्रव ओतणे तितकेच धोक्याचे आहे, आणि अनावश्यक तर आहेच.

या द्रवांचा दुसरा दोष हवेशी संबंधित आहे. द्रवाचा काही भाग न जळताच वाफ होऊन निघून जातो व शहरातील प्रकाशरासायनिक धुरक्यात भर घालतो. लॉस एंजेलिस परिसरातील हवेचे नियमन करणाऱ्या 'साउथ कोस्ट' प्राधिकरणाने १९९० मध्ये यासंबंधी नियम केला. कोळसा एकदा पेटवताना उत्सर्जित होणाऱ्या अशा द्रव्यांवर त्यात ०.०२ पौंड, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमची मर्यादा घालण्यात आली. उत्पादकांना त्यानुसार द्रवांची घडण बदलावी लागली. द्रव पुरता जळण्याआधी अन्न ठेवल्यास त्याचा वास अन्नाला लागतो, हे रॉकेल शिंपडून पेटवलेल्या शेगडीवरचे कणीस खाल्लेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

अन्य साधने

आधीच द्रवात भिजवलेल्या, काडी लावताच पेटणाऱ्या वड्याही मिळतात. त्यांना वरील सर्व आक्षेप लागू पडतात. हुक्क्यासाठी विकल्या जाणाऱ्या झटपट पेटणाऱ्या चकत्यांमध्ये सोरा मिसळलेला असतो. त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि चकती तडतडत पेटते. अन्न भाजण्यास त्या योग्य नव्हेत. मेणाचे खडे आणि मेणात बुडवलेल्या लाकडी लोकरीच्या गुंडाळ्या बऱ्याच निर्धोक असतात व चिमणीखाली कागदाऐवजी चांगले काम देतात.

विजेची साधने दोन प्रकारची आहेत. एकात दांड्याच्या टोकाला तापणारा धातूचा वेढा असतो. तो कोळशाच्या ढिगात खुपसून ठेवतात आणि कोळसा धरू लागताच बाहेर काढतात. दुसऱ्यात अतितप्त हवेचा झोत कोळशावर मारला जातो. स्वीडनमध्ये तयार झालेले 'लूफ्टलायटर' हे याचे परिचित उदाहरण आहे. या झोतात उष्णता आणि ऑक्सिजन एकाच वेळी मिळत असल्याने कोळसा मिनिटाभरात लाल होऊ लागतो. अडचण एवढीच की समुद्रकिनाऱ्यावर किंवा शेतात विजेची सोय नसते. रस्त्यावर कणसे भाजणारे विक्रेते काही ठिकाणी हाताने फिरवायचा छोटा भाता वापरतात, तर अनेकांना साधा हातपंखाच पुरतो. कणीस पानावर येताच आच वाढवणे आणि नसताना कोळसा राखून ठेवणे हे काम पंखा जितक्या नेमकेपणाने करतो, तितके चिमणीला साधत नाही.

इराणमधील 'आतशगर्दान' हे साधन विशेष उल्लेखनीय आहे. तारेच्या लहानशा टोपलीला लांब साखळी किंवा दांडी जोडलेली असते. टोपलीत काही कोळसे व त्यांपैकी एखादा पेटता निखारा ठेवून ती हाताने वर्तुळात गरगर फिरवतात. चिमणीत कोळसा स्थिर राहून हवा त्याच्यातून जाते, तर येथे कोळसाच हवेतून जातो. समोवार, हुक्का आणि कबाबाची शेगडी यांसाठी लागणारे निखारे अशा रीतीने काही मिनिटांत तयार होतात. नावातील 'आतश' म्हणजे अग्नी. मराठीतील 'आतषबाजी'तला पहिला शब्द तोच.

जपानमध्ये 'हिओकोशी' नावाचे जाळीदार बुडाचे, दांडीचे भांडे वापरतात. त्यात कोळसा ठेवून ते गॅसच्या ज्योतीवर धरले जाते. बिन्चोतान हा तेथील अतिशय घट्ट कोळसा कागदाच्या आगीला सहसा दाद देत नाही.

धोके

चिमणीच्या वापरातील वरवरचे धोके उघड आहेत. पेटलेली चिमणी लाकडी फळीवर, वाळल्या गवतावर किंवा प्लास्टिकवर ठेवू नये. ओलसर सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्यास आतल्या पाण्याची वाफ होऊन सिमेंटचे टवके उडू शकतात. शेगडीची स्वतःची जाळी ही तिच्यासाठी सर्वांत सोयीची जागा होय, कारण खालूनही हवा मिळते. निखारे ओतताना जाड हातमोजे आणि बंद पादत्राणे असावीत. रिकामी चिमणीही बराच वेळ चटका देण्याइतकी तप्त असते.

याहून मोठा धोका दिसत नाही. कोळशाला पुरेशी हवा मिळाली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि किलोमागे सुमारे ३३ मेगाज्यूल उष्णता सुटते. हवा अपुरी असली, किंवा तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तप्त कोळशातून पुन्हा गेला, तर कार्बन मोनॉक्साइड बनतो. कार्बनचे ज्वलन याच टप्प्यावर थांबले तर किलोमागे जेमतेम ९ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे एकतृतीयांशाहूनही कमी. उरलेली उष्णता त्या वायूबरोबर निसटून जाते. या वायूला रंग नाही आणि वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर आणि गुंगी अशा क्रमाने तो माणसाला निष्क्रिय करतो. झोपलेल्याला तर ही लक्षणे जाणवतही नाहीत.

निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो घरात आणण्यास हरकत नाही, हा समज यामुळे प्राणघातक ठरतो. उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या जवळपास दर वर्षी येतात. पाश्चात्त्य देशांत भाजून झाल्यावर उबेसाठी शेगडी तंबूत ओढून घेतल्याने असे मृत्यू झाले आहेत. अमेरिकेत कोळशाच्या पिशवीवर याविषयीचा इशारा चित्रासह छापणे कायद्याने बंधनकारक आहे. चिमणी गॅलरीत, गॅरेजमध्ये किंवा पाऊस आला म्हणून पडवीत आडोशाला पेटवणे टाळावे. एखादी खिडकी उघडी असणे पुरेसे नसते. आग विझत आलेली दिसली तरी वायू तयार होत राहतो, किंबहुना मंद आगीत त्याचे प्रमाण अधिक असते.

निखारे विझवणे

उरलेले निखारे वाळूत पुरणे हा समुद्रकिनाऱ्यावरील सहलींमधला नेहमीचा आणि अत्यंत चुकीचा उपाय आहे. कोरडी वाळू उष्णता धरून ठेवते. वरून काहीही दिसत नसताना खालचे निखारे कित्येक तास तप्त राहतात, आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांचे पाय त्यांवर पडून भाजतात. निखारे धातूच्या बादलीत घेऊन भरपूर पाण्याने पुरते भिजवावेत. पाणी थोडे थोडे व लांबून घालावे, कारण एकदम ओतल्यास उकळती वाफ अंगावर येते.

कोळसा वाया जाऊ द्यायचा नसेल, तर घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात निखारे बंद करून त्यांची हवा तोडणे हा अधिक चांगला मार्ग आहे. जपानमध्ये यासाठी 'हिकेशित्सुबो' नावाचे झाकणाचे भांडे असते. चुलीतील जळक्या लाकडांचे निखारे पाण्याने विझवून, उन्हात वाळवून शेगडीसाठी ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रातील घरांतही होती. एकदा जळून विझलेला असा कोळसा सच्छिद्र व हलका असल्याने नव्या कोळशापेक्षा लवकर धरतो. पुढच्या वेळी चिमणी भरताना तो जाळीवर सर्वांत खाली घालतात आणि नवा कोळसा त्याच्यावर रचतात.